छिद्रान्वेषण

दुसऱ्याच्या कामातली छिद्रं हुडकणाऱ्या माणसाला आपल्याकडे छिद्रान्वेषी म्हणतात. मी बँकेच्या तपासणी खात्यात एकतीस वर्षं काढली असल्यामुळे ही पदवी मला फार पूर्वीच बहाल झालेली आहे. गावोगावच्या शाखांतून हिंडायचं, खतावण्या चाळायच्या आणि कुठल्या व्हाउचरवर कुणाची सही राहिली ते शोधायचं, हा माझा धंदा. मी शाखेत शिरलो की चहा लगेच यायचा आणि हसू उशिरा यायचं. पण सेवानिवृत्तीनंतर स्वतःच्या हातांनी छिद्रं पाडावी लागतील, तीही एकेचाळीस, आणि त्यांतल्या एकापायी माझी झोप उडेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या म्हणण्यातही छिद्र शोधलं असतं.

या सगळ्याच्या मुळाशी आमची आई. आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची. दात गेले, गुडघे गेले, ऐकू येणं अर्धंअधिक गेलं. स्वाभिमान तेवढा शाबूत. दिवसाकाठी तिला सात गोळ्या. त्यांतली रक्तदाबाची रात्री आठला. एकदा श्रावणात तिनं ती आठला घेतली, आणि घेतली की नाही हे आठवेना म्हणून साडेआठला पुन्हा घेतली. नऊच्या सुमारास न्हाणीघराच्या उंबऱ्यात तिला गरगरलं. नशीब एवढंच की ती खाली बसली, पडली नाही. रात्रभर डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवून सकाळी घरी आणली, तेव्हा तिचं पहिलं वाक्य, "महिनाअखेरीला एक गोळी कमी भरेल रे. आधीच सांगून ठेवते."

तपासनिसाची आई शोभते की नाही?

नाशिकहून ताईचा फोन आला. "तू घरात असून हे झालंच कसं? गोळी हातात का देत नाहीस तिच्या?" हा उपाय आम्ही करून पाहिला. ही गोळी आणि पाण्याचं भांडं घेऊन गेली की आई म्हणायची, "मी काय पाळण्यातली आहे?" आणि तोंड फिरवायची. मग बाजारातून आठवण करून देणारी तयार पेटी आणली. ती 'पीं पीं' असा बारीक, टोकदार आवाज काढी. आता गंमत अशी, की वय झालं की माणसाच्या कानांतून आधी जातात ते हे चिरके आवाज. खर्जातले त्यामानानं टिकून राहतात. पहिल्याच रात्री पेटी केकाटायला लागली. खालचं कुत्रं उठलं, वरच्या मजल्यावरचे गृहस्थ 'काही जळतंय का' विचारायला खाली आले, आणि पेटीपासून हातभर अंतरावर आई शांतपणे वाती वळत बसली होती.

त्या रात्री मी प्रतिज्ञा केली. पेटी मी स्वतः करीन. तिचा आवाज देवळातल्या घंटेसारखा खर्जातला असेल. गोळी घेतली की आईनं एक बटण दाबायचं, की हिरवा दिवा लागेल. दिवा हिरवा असला की गोळी पुन्हा घ्यायची नाही. प्रतिज्ञेला पूर्वपुण्याईचा आधार होता. १९७५ साली कॉलेजात असताना मी ट्रान्झिस्टर रेडिओ जोडला होता. त्यावर आकाशवाणी पुणे केंद्र स्वच्छ लागे. फक्त त्यासाठी एका माणसाला खिडकीत उभं राहून हातात तार धरावी लागे.

माझा भाचा इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर. त्यानं चिप निवडून दिली, तिच्यात भरायचा प्रोग्रॅमही लिहून दिला, आणि वर सल्ला दिला, "मामा, पाटी घरी नका करू. संगणकावर नकाशा काढायचा आणि कारखान्याला धाडायचा. पाट्या घरपोच येतात."

"चकलीसुद्धा घरपोच येते," मी म्हणालो, "म्हणून कुणी दिवाळीत सोऱ्या मोडीत काढत नाही."

"चकलीच्या भोकांतून वीज न्यायची नसते, मामा," भाचा म्हणाला. तेव्हा मला हे वाक्य निव्वळ आगाऊपणाचं वाटलं होतं.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सर्किटची पाटी म्हणजे काचेच्या तंतूंची आणि राळेसारख्या रसायनाची दाबून केलेली एक फळी. जाडी १.६ मिलिमीटर. तिच्यावर तांब्याचा पातळ पापुद्रा, ३५ मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही बारीक. हवं तेवढं तांबं ठेवायचं, नको ते विरघळवून टाकायचं. उरलेल्या रेघा म्हणजेच तारा. अट एकच, दोन रेघांनी एकमेकींना छेद द्यायचा नाही. दिला, की शॉर्ट सर्किट. साध्या पाटीवर अशी वेळ आली की वरून तारेचा तुकडा टाकून पूल बांधतात. माझ्या नकाशात असे सत्तावीस पूल झाले. भाच्यानं तो पाहिला आणि म्हणाला, "मामा, ही पाटी नाही, ही चाळीची गॅलरी आहे. वाळत घातलेल्या दोऱ्याच जास्त. दुहेरी पाटी घ्या."

दुहेरी पाटीला दोन्ही अंगांनी तांबं. वरच्या अंगावर सगळ्या आडव्या रेघा, खालच्या अंगावर उभ्या. छेदाचा प्रश्न मिटला. वरच्या रेघेला खाली जायचं असलं की पाटीला भोक पाडून तिथून उतरवायची. या भोकाला म्हणतात 'व्हाया'. एस.टी.च्या पाटीवर 'मार्गे' लिहिलेलं असतं आणि बोलताना आपण 'नाशिक व्हाया संगमनेर' म्हणतो, तोच हा शब्द. शब्द ओळखीचा निघाला म्हणून मला फार बरं वाटलं. वास्तविक तिथंच सावध व्हायला हवं होतं. व्हाया म्हटलं की गाडी वेळेवर पोचत नाही हा आपला अनुभव आहे.

तर सामान आणायला तपकीर गल्लीत गेलो. पुण्यात बुधवार पेठेत ही गल्ली आहे. विजेवर चालणारं जे जे काही आहे ते तिथं सुट्ट्या भागांत मिळतं. दुकानदारानं माझं वय पाहून आधी टॉर्चचे सेल काढले. पाटी मागितल्यावर चष्मा काढून विचारलं, "नातवाच्या शाळेचा प्रकल्प का, काका?" आईसाठी हवी म्हटल्यावर त्यानं चष्मा पुन्हा लावला.

पुढची कृती थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात आमच्या संसाराचं नुकसान जास्त आहे. लेझर छपाईची शाई म्हणजे प्लॅस्टिकची भुकटी. नकाशा गुळगुळीत कागदावर छापायचा, तांब्यावर पालथा घालायचा आणि वरून कडक इस्त्री फिरवायची. शाई वितळून तांब्याला चिकटते, कागद पाण्यात भिजवून सोडवायचा. हिची इस्त्री आधी चिकट झाली, मग माझ्या मालकीची झाली. पहिल्या पाटीवर वरच्या अंगाचा नकाशा मी उलटा करायला विसरलो, त्यामुळं चिपचे डावे पाय उजवीकडे आले. दुसऱ्या खेपेला दोन्ही कागद उजेडासमोर धरून भोकांवर भोकं जुळवली, त्यांचं पाकीट केलं आणि पाटी आत सरकवली. मग फेरिक क्लोराइडचं पाणी. दिसायला काकवीसारखं, स्वभावानं सावकारासारखं. शाईखालचं तांबं सोडून बाकीचं सगळं खातं. पाटी हलवायला मी स्वयंपाकघरातला स्टीलचा चिमटा घेतला होता. स्टेनलेस म्हणजे डाग न पडणारं, हे फेरिक क्लोराइडला कुणी सांगितलेलं नाही. चिमट्याची टोकं कुरतडली गेली. "अहो, पोळी आता तुमच्या पाटीनं उलटू का?" हिनं विचारलं. नवा चिमटा आणला, आणि वापरलेलं पाणी मोरीत न ओतता बरणीत भरून ठेवलं, कारण त्यातलं तांबं पाण्यातल्या जिवांना विषारी. त्या बरणीवर मी 'विष' लिहिलं. हिनं त्याखाली 'लोणचं नाही' असं लिहिलं.

मग छिद्रं. ०.८ मिलिमीटरचं गिरमिट. त्याच्याकडे वाकडं पाहिलं तरी मोडतं. काचेचे तंतू छातीत जाऊ नयेत म्हणून तोंडाला फडकं बांधून मी दोन दुपारी बसलो आणि घटक-पुर्जांच्या पायांसाठीची भोकं सोडून नुसत्या व्हायाची एकेचाळीस भोकं पाडली. सवय जाईना, म्हणून त्यांची एक खतावणीही घातली. रकाने असे: छिद्र क्रमांक, वरची बाजू, खालची बाजू, चाचणी, सही. पाटी उजेडासमोर धरली तर नक्षत्रांसारखी दिसली. मीटरची एक काडी वरच्या तांब्यावर टेकवली, दुसरी खालच्या. जोड असला तर मीटर पीं करतो. केलं नाही.

करणार कसं? भोक पाडलं म्हणजे वाट झाली असं मी धरून चाललो होतो. पण भोकाच्या भिंती काचेच्या आणि राळेच्या. वीज तिथून पाऊल टाकत नाही. वर तांबं, खाली तांबं, मध्ये फक्त १.६ मिलिमीटर, आणि एकमेकांना एकमेकांची दाद नाही. पोरीचे कान टोचताना सोनार भोक पाडून निघून जात नाही, लगेच तार घालतो. नाहीतर टोचून उपयोग काय? सोनारानं कान टोचावेत म्हणतात ते उगीच नाही. मी भाच्याला फोन केला.

"तेच सांगत होतो, मामा. भोकाला आतून तांब्याचा मुलामा लागतो."

"मग कारखान्यात कसा देतात?"

भाच्यानं सांगितलं ते असं. भोकाच्या भिंतीवर आधी पॅलॅडियम नावाच्या धातूचे अतिसूक्ष्म कण चिकटवतात. त्यांच्या आधारानं, विजेशिवाय, एका द्रावणातून तांब्याचा अगदी विरळ थर बसतो. त्या द्रावणात फॉर्माल्डिहाइड असतं. मग वीज सोडून हा थर साधारण २५ मायक्रॉनपर्यंत वाढवतात. पॅलॅडियम हे सोन्या-प्लॅटिनमच्या पंगतीतलं. त्याचा भाव ऐकून मी फोन दुसऱ्या कानाला लावला, की इकडून तरी कमी ऐकू येतो का. फॉर्माल्डिहाइड म्हणजे कॉलेजातल्या बरणीत बेडूक ज्यात ठेवत ते, हे हिच्या कानावर गेलं, आणि ते या घराचा उंबरा ओलांडणार नाही असा ठराव एकमतानं, म्हणजे हिच्या एकटीच्या मतानं, मंजूर झाला.

मग मी घरगुती वाटा शोधल्या. पहिली वाट ग्रॅफाइटची. पेन्सिलीच्या शिशात असतं ते ग्रॅफाइट थोडीफार वीज वाहून नेतं. त्याची भुकटी व्हार्निशमध्ये कालवून भोकांना आतून चोपडायची आणि त्यावर तांबं चढवायचं. तांब्यासाठी मोरचूद. द्राक्षबागायतदार चुन्यात मिसळून फवारतात तेच. ते शेतीमालाच्या दुकानातून आणलं. गॅलरीत मोरचुदाच्या निळ्या पाण्यात थोडं बॅटरीतलं ॲसिड घालून पाटी टांगली, समोर तांब्याचा पत्रा, आणि रात्रभर वीज सोडली. सकाळी पाहतो तर भोकांच्या काठांवर तांब्याचे दाणे, बाजरीच्या कणसासारखे भरलेले, आणि भोकाच्या पोटात ठणठणाट. वीजही माणसासारखीच. जिथं सोपं तिथंच गर्दी करते. कडा सोप्या, पोट अवघड. आई गॅलरीत आली, निळं पाणी पाहून म्हणाली, "बागेला फवारणार असशील तर कढीपत्त्याला नको हो मारू."

दुसरी वाट चांदीच्या रंगाची. एवढीशी बाटली, आणि किंमत अशी की झाकण उघडताना हात जोडावेत. काडीनं भोकांत भरला, वाळवला, मीटरनं पीं केलं. मी पेढे आणायला निघणार होतो. पण शेजारच्या पायाला डाग देताना उष्णतेनं तो रंग तडकला आणि पीं बंद झालं. तिसरी वाट तांब्याच्या आयलेटांची. बुटाच्या नाडीच्या भोकाला धातूची कडी असते, तिची पणती शोभेल अशी नळी. भोकात घालायची आणि दोन्ही टोकं ठोकून पसरवायची. त्यासाठी भोक मोठं करावं लागतं. मी मोठं केलं, ठोकलं, आणि भोकाभोवतीची तांब्याची टिकली आयलेटासकट निघून हातात आली.

एका रात्री वैतागून मी आईला या पाट्यांच्या मूळ पुरुषाची गोष्ट सांगितली. पॉल आयस्लर, १९०७ साली व्हिएन्नात जन्मलेला, १९३६ साली इंग्लंडला आला. रेडिओच्या पोटातल्या तारा माणसं हातांनी जोडत त्या काळात याच्या डोक्यात आलं, की तारा छापता का येऊ नयेत? लंडनच्या एका छपाईवाल्या कंपनीनं त्याला आसरा दिला, आणि या भल्या माणसानं करार न वाचताच सही ठोकली. शोधांचे हक्क एका पौंडाच्या नाममात्र मोबदल्यात कंपनीकडे गेले. धंद्यात थोडा वाटा मिळाला, एवढंच. १९४३ साली त्यानं पेटंटसाठी अर्ज केला.

"न वाचता सही?" आई म्हणाली. सगळ्या गोष्टीतलं तिला तेवढंच लागलं. "आणि तुझ्यासारखं कुणी नव्हतं का तिथं तपासायला?"

उरली शेवटची वाट, सगळ्यांत साधी. भोकातून तारेचा तुकडा घालायचा आणि वरून-खालून डाग द्यायचा. लहानपणी वाड्यात कल्हईवाला यायचा. भाता, निखारे, नवसागराचा धूर, आणि कापसाच्या बोळ्याचा एक फटकारा, की पातेलं चांदीसारखं. डाग देण्याची विद्या त्याच घराण्यातली. नवसागराच्या जागी राळ, निखाऱ्याच्या जागी वीज, कथलाच्या जोडीला शिसं. पण या १.६ मिलिमीटरच्या तुकड्याची एक खोड आहे. तांबं उष्णता इतकी चटकन नेतं की खालच्या टोकाला डाग द्यायला जावं तर वरचा डाग वितळतो आणि तुकडा टुपकन खाली पडतो. एकेचाळीस भोकांना मी दीडशेक तुकडे पाडले असतील. एक चहात निघाला.

तरी पाच दिवसांत काम झालं. प्रत्येक छिद्राला मीटर लावला. आई समोर बसलेली. पीं, टिक, सही; पीं, टिक, सही. दहा-पंधरा झाल्यावर आई म्हणाली, "मुकं आहे का रे तुझं यंत्र? नुसत्याच सह्या करतोयस." तिला ते पीं ऐकूच येत नव्हतं. पण रात्री आठला पेटी वाजली तेव्हा तिनं मान वर केली आणि पहिल्यांदा विचारलं, "आरती कुणाकडे आहे?" मला एखाद्या शाखेत तूट सापडल्यासारखा आनंद झाला. तिला बटण दाखवलं, दिवा दाखवला आणि बजावलं, "आता घड्याळाकडे बघायचं नाही. वाजलं की घ्यायची. नाही वाजलं तर घ्यायची नाही." ताईला फोन करून म्हणालो, आता काळजी सोड.

तीन रात्री पेटी वाजली. चौथ्या रात्री आम्ही दोघं एका लग्नाच्या स्वागतसमारंभाला गेलो. परतायला सव्वाअकरा झाले. आईच्या खोलीत दिवा. आई पलंगावर ताठ बसलेली, पुढ्यात पाण्याचं भांडं, तळहातावर गोळी.

"अगं, झोपली नाहीस?"

"वाजलं नाही अजून," आई म्हणाली. "वाजलं की घ्यायची म्हणाला होतास ना?"

सव्वातीन तास ती तशी बसली होती. घड्याळ समोर भिंतीवर. त्यात अकरा वाजलेले तिला दिसत होते. पण मुलानं सांगितलं होतं, घड्याळाकडे बघायचं नाही. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आत्ता द्या, काही बिघडत नाही. मी गोळी दिली, पाणी दिलं. ही काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

रात्री एक वाजता पेटी उघडली. पाटीच्या एका कोपऱ्यावर बोटानं दाबलं की घंटा वाजायची, बोट उचललं की गप्प. मी खतावणी काढली आणि एकेक ओळ तपासत गेलो. छिद्र क्रमांक २६. खालची बाजू, टिक. चाचणी, टिक. सही, माझी. वरची बाजू, रकाना कोरा.

तेव्हा आठवलं. सव्वीस नंबर चिपच्या सॉकेटखाली होता. सॉकेट आधी बसवल्यामुळं वरून डाग द्यायला जागाच उरली नव्हती. तार वरच्या तांब्याला नुसती टेकलेली होती. त्या दिवशी टेकलेली होती म्हणून मीटरनं पीं केलं आणि मी पुढं गेलो. चार दिवस ती टेकून राहिली, पाचव्या दिवशी केसभर सरकली. एकतीस वर्षं मी ज्या गोष्टीसाठी गरीब कारकुनांची झोप उडवली, ती गोष्ट माझ्या खतावणीत माझ्याच हस्ताक्षरात होती. एका पेणच्या कारकुनाला मी अशाच कोऱ्या रकान्यावरून सर्वांसमक्ष बोललो होतो. त्याचा चेहरा त्या रात्री मला फार स्पष्ट आठवला.

सकाळी नवी पाटी घेतली. नकाशात सव्वीस नंबर सॉकेटखालून बाहेर काढला. पुन्हा इस्त्री, पुन्हा काकवी, पुन्हा गिरमिट. आणि पुन्हा तेच तुकडे घालायला बसलो. आई शेजारी दुपट्याला टाके घालत होती. पणतवंडाचं दुपटं. बराच वेळ ती भिंगातून माझ्या हातांकडे बघत होती.

"हे वरचं आणि खालचं, दोन्ही एकत्र धरून ठेवायचंय ना तुला?"

"हो."

"मग प्रत्येक टाक्याला दोरा तोडतोस कशाला? धावदोरा घाल की. आधी सगळं शिवून घे, मग गाठी मार, मग नको असेल तो दोरा कापून टाक."

मी तिच्याकडे बघत राहिलो. मग कल्हई केलेली बारीक, लांब तार घेतली आणि पहिल्या छिद्रातून खाली, दुसऱ्यातून वर, तिसऱ्यातून खाली, अशी ओवत गेलो. तार सलग असल्यामुळं एकही टोक खाली पडेना. एकीकडचा डाग वितळला तरी शेजारचे टाके तिला धरून ठेवत. सगळी ओळ वरून डागली, पाटी पालथी घालून खालून डागली, मग मधले दुवे बारीक कात्रीनं कापले. जे पाच दिवसांत झालं होतं ते एका दुपारी झालं. संध्याकाळी भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "हो मामा, असं करतात काही जण." मग आधी का नाही बोललास म्हटलं, तर म्हणाला, "तुम्ही चकलीचं बोलत होता."

या खेपेला खतावणीवर सही मी केली नाही. ज्यानं काम केलं त्यानंच तपासायचं नाही, हा आमच्या खात्याचा पहिला नियम, आणि तोच मी मोडला होता. वही आईपुढं ठेवली. तिनं भिंग घेऊन एकेचाळीस ओळी बोट ठेवून वाचल्या. दोन ठिकाणी थांबून पाटीवरचे टाके पाहिले. मग खाली पेन्शनच्या कागदावर करते तशी ठळक सही केली आणि म्हणाली, "वाचून केली आहे हो. तुझ्या त्या साहेबासारखी नाही."

त्याला आता वर्ष होत आलं. पेटी रोज आठला वाजते, एकदाही चुकलेली नाही. मी मात्र रोज आठला दहा कमी असताना आईच्या खोलीत जाऊन बसतो. उगाच आपली तपासणी. तिची वात वळणं चालू असतं, काहीबाही बोलणं होतं, वाड्यातल्या कल्हईवाल्याचं नाव काय होतं यावर वाद होतो. मग घंटा वाजते, ती गोळी घेते, बटण दाबते, हिरवा दिवा लागतो, आणि मी उठतो.

परवा ताईचा फोन आईनं घेतला होता. मी बाहेर बसून ऐकत होतो. ऐकू कमी येत असल्यामुळं आई फोनवर मोठ्यानं बोलते, आणि आपलं बोलणं कुणाला ऐकू जात नाही अशा समजुतीत बोलते.

"पेटी चांगली केली आहे गं त्यानं," ती सांगत होती. "वाजते अगदी वेळेवर. पण मला काही लागत नाही तिची. तो येऊन बसला की मला कळतं, आठ वाजायला आले."